आरोग्याच्या जनसुनवाईत बोलायचं आहे? गावकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

तालुक्याला आरोग्याची जनसुनवाई लागली की आठ दिवस आधीपासून विचारणा सुरू होते. गाव मेळघाटातलं असो की झरी-जामणीकडचं, प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. ती बोलणाऱ्या माणसासाठी आहेत. ऐकणाऱ्या साहेबांनी वाचली तरी हरकत नाही.

जनसुनवाई म्हणजे नेमकं काय? ग्रामसभा वेगळी आणि ही वेगळी का?

वेगळी. ग्रामसभा गावाची, कायद्याने ठरलेली. मतदारयादीत नाव असलेला गावचा प्रत्येक माणूस तिचा सभासद, आणि तिथे बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. जनसुनवाईत दवाखान्याचे, तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे अधिकारी लोकांसमोर बसतात, लोक आपला अनुभव सांगतात आणि अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवायची असा भाग होता. महाराष्ट्रात त्याची सुरुवात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत झाली. विदर्भातला अमरावती त्यात होता. प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी सुनावण्या घ्यायची पद्धत तिथून रुळली.

तुमच्या तालुक्यात ही रचना नसेल तर जनसुनवाई आपोआप लागणार नाही. ग्रामसभेत ठराव करून मागावी लागते. पेसाच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी गावांना तर ठरावाचं बळ आणखी आहे: १९९६ च्या पेसा कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याची ताकद ग्रामसभेला दिलेली आहे. दवाखाना त्यातच आला.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जाऊन बोललं तर?

ती बैठक सगळ्यांसाठी उघडी नसते. दवाखान्याच्या कारभारासाठी नेमलेल्या या समितीवर ठरावीक सदस्य असतात, केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सदस्य-सचिव असतात. तुम्ही लेखी निवेदन देऊन विषय घ्यायला सांगू शकता. एखाद्या सदस्याने मनावर घेतलं तर तुम्हाला पाच मिनिटं बोलवतातही. पण 'आम्ही वीस जण आलो, बसू द्या' असं करून काम बिघडतं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीचंही तसंच, तिथे विषय सदस्यामार्फत न्यावा. जिथे निवडून आलेले सदस्य नाहीत आणि कारभार प्रशासकाकडे आहे, तिथे निवेदन थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने द्या.

आमची तक्रार नेमकी कोणाला उद्देशून करायची?

हे आधी नीट समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी इथेच मरतात. आपल्याला दवाखाना तेवढा दिसतो, पण सरकारात त्याचे दोन मालक आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) जिल्हा परिषदेकडे. त्यांचा वरिष्ठ तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याला जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांचा कारभार जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे लोक ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतात त्यांच्याकडे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आणखी तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षणाचं.

होतं काय, की बाई सांगते ग्रामीण रुग्णालयातली गोष्ट, समोर बसलेले असतात जिल्हा परिषदेचे अधिकारी. ते शांतपणे म्हणतात, 'हा आमचा विषय नाही.' खोटं बोलत नसतात ते. म्हणून जनसुनवाई ठरवतानाच दोन्ही बाजूंचे अधिकारी बोलवा, आणि पत्र दोघांना वेगवेगळं द्या. एका पत्रावर 'प्रत माहितीसाठी' लिहून दुसऱ्याला पाठवलं तर दुसरा येत नाही, हा अनुभव सगळीकडचा आहे.

रुग्णवाहिकेचा गोंधळ वेगळाच. १०८ ही आणीबाणीची राज्यभराची सेवा, २०१४ पासून सुरू आहे, आणि ती दवाखान्याच्या डॉक्टरच्या हाताखाली नाही. १०२ गरोदर बाया, बाळंतिणी आणि तान्ह्या लेकरांसाठी. 'गाडी आली नाही' एवढंच सांगू नका, कोणत्या नंबरला फोन केला ते सांगा.

मले तं बोलताच नाई येत. सायबाइसमोर काय सांगू?

भाषण करायचंच नाही. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने सांगायचं. आता हे बघा. एक माणूस उठतो आणि म्हणतो:

'आमच्या दवाखान्यात काईच भेटत नाई. डॉक्टर कधीच राहत नाई. गरिबाले कोनी विचारत नाई.'

टाळ्या पडतात. साहेब विचारतात, 'कधी आला होतात? कोणत्या तारखेला?' माणूस गप्प. साहेब म्हणतात, 'आमच्याकडे तर रोज ओपीडी झाल्याची नोंद आहे.' विषय संपला. माणूस खरंच बोलला होता, पण हातात काही उरलं नाही.

तीच गोष्ट दुसऱ्या पद्धतीने ('पान लागलं' म्हणजे साप चावला):

'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमाराले माह्या नवऱ्याले वावरात पान लागलं. आम्ही मोटरसायकलवर मधात बसवून त्याले पीएचसीत आनलं, सव्वानऊ झाले होते. डॉक्टर नोते. सिस्टर होत्या. त्या बोलल्या, इंजेक्शन आहे पन डॉक्टरबिगर मी देऊ शकत नाई. १०८ ले नऊ पस्तीसले फोन केला, हा पाहा मोबाईल. गाडी अकरा वाजता आली. मले एवढंच पुसाचं हाय, त्या रात्री ड्यूटी कोनाची होती आन् ते कुठं होते?'

हिच्यात एकही शिवी नाही, एकही विशेषण नाही. वार, वेळ, ठिकाण, कोण काय बोललं आणि शेवटी एकच प्रश्न. त्या प्रश्नाला 'नोंद आहे' म्हणून उत्तर देता येत नाही, ड्यूटी रजिस्टर उघडावं लागतं. सिस्टर जे म्हणाल्या तेही जसंच्या तसं सांगितलं, त्यामुळे औषध होतं आणि माणूस नव्हता हे उघड झालं. 'काईच भेटत नाई' म्हटलं असतं तर साहेबांनी साठा दाखवून सुटका करून घेतली असती.

दोन-तीनदा घरात म्हणून बघा. तीन मिनिटांच्या वर जात असेल तर कमी करा.

तारीख कोणाच्या लक्षात राहते?

कोणाच्याच नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. आपल्याकडे दिवस सणावरून, बाजारावरून, पेरणीवरून आठवतात. पोळा, कानोबा, गावचा आठवडी बाजार, सोयाबीन काढलं तो आठवडा. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून त्याची तारीख काढता येते. मोबाईलमधला कॉल केलेला दिवस-वेळ सापडला तर उत्तमच, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण जुने कॉल पुसले जातात. तरी पक्की तारीख नाही सापडली तर 'जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारच्या बाजाराच्या आदल्या दिवशी' असं सांगा. अंदाजे तारीख पक्की म्हणून सांगू नका. एक तारीख चुकली की बाकीचंही खोटं ठरवायला सोपं जातं.

कुत्रं चावल्याच्या प्रकरणात मात्र तारखा नेमक्या हव्यातच. रेबीजच्या लसीचं वेळापत्रक असतं. कातडीत देतात ती लस पहिल्या डोसनंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. 'सातव्या दिवशी गेलो तर लस संपली होती' हे कार्डावरच्या तारखेसकट सांगितलं की त्याला तोड नाही.

सोबत कोणते कागद न्यायचे?

केस पेपर, रेफर चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, आणि सगळ्यांत महत्त्वाची ती 'बाहेरची चिठ्ठी', म्हणजे मेडिकलमधून औषध आणायला लावलं तो कागद आणि त्याचं बिल. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्याच्याही आधीपासून, २०११ पासून, सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे लागत नाहीत. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, येण्या-जाण्याची गाडी, सिझर झालं तरी सगळं फुकट. म्हणून बाळंतिणीच्या नावावरचं दोनशे रुपयांचं बिल दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जड पडतं.

मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, साहेबांच्याही नाही. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत घ्या. हे लिहायची वेळ यायला नको होती, पण 'बघून देतो' म्हणून नेलेले कागद परत आलेले फार कमी पाहिले.

केस पेपर दवाखान्यानेच ठेवून घेतला असेल तर लेखी अर्ज करून प्रत मागा. रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचाच नियम आहे. औषधसाठ्याचं म्हणाल तर सरकारची ई-औषधी नावाची संगणकी नोंद असते. कोणत्या दिवशी कोणतं औषध किती शिल्लक होतं, ते माहितीच्या अधिकारात मागता येतं.

आम्ही कोरकू बोलतो, मराठी मोडकीतोडकी येते.

कोरकूतच बोला. माडिया, गोंडी, कोलामीतही. मराठीत सांगणारा एक माणूस शेजारी उभा करा, पण तो दवाखान्याचा कर्मचारी नको. कर्मचाऱ्यावर संशय घ्यायचा म्हणून नव्हे. साहेबांसमोर त्याच्याच दवाखान्याची तक्रार भाषांतरित करायची वेळ त्याच्यावर आणणं बरोबर नाही. इतिवृत्त मराठीत लिहिलं जाईल. ते लिहिल्यावर तुमच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा.

सिस्टरचं, डॉक्टरचं नाव घ्यावं का?

पैसे मागितले, हात उचलला, जातीवरून बोलले, दारू पिऊन होते, अशा गोष्टी असतील तर नाव किंवा पद घ्यावंच लागेल, आणि ते लेखी द्या. बाकी बहुतेक वेळा गरज नसते. औषध संपलं हा सिस्टरचा गुन्हा नाही. सपाटीवर तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र, आदिवासी-डोंगराळ भागात वीस हजारांमागे एक, असा सरकारचाच निकष आहे. त्यात डॉक्टरचं एक पद रिकामं असलं की उरलेल्याला दिवसरात्र एकट्यालाच बसावं लागतं. 'मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून' हा प्रश्न विचारा. कित्येकदा डॉक्टर खाली मान घालून हसतो, कारण त्यालाही हेच विचारायचं असतं.

आवाज चढला तर चालेल, हात चढता कामा नये. दवाखान्यातल्या माणसावर हल्ला किंवा तिथली मोडतोड यासाठी राज्यात २०१० चा वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, गुन्हा अजामीनपात्र. मग मूळ तक्रार बाजूला पडते आणि गावचे दोन पोरगे वर्षानुवर्षं तारखा करत बसतात.

आशाताई बोलू शकते का?

शकते. पण तिला पुढे ढकलू नका. तिचा मोबदला, तिची कामं, तिचे अहवाल सगळं त्याच केंद्रातून चालतं, सुनावणी संपल्यावर ती तिथेच परत जाणार. तिच्याकडून माहिती घ्या, आणि सांगायचं ते ज्याच्यावर बेतलं त्याने सांगावं. आशाताईंना स्वतःच्या मोबदल्याबद्दल बोलायचं असेल तर सगळ्यांनी मिळून एक निवेदन द्यावं, एकटीने उठू नये.

घरातल्या बाईची गोष्ट चारचौघांत कशी सांगायची?

सांगायचीच असं नाही. गर्भपात, एचआयव्ही, टीबी, मनाचा आजार, अत्याचार, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे मुलीचं लग्न मोडेल अशी धास्ती, हे विषय भर मांडवात नावासकट नकोत. माणसाची संमती नसेल तर नवऱ्यानेही सांगू नये. अशा वेळी गावाचं आणि माणसाचं नाव न घेता 'आमच्या गावातल्या एका बाईला' असं सांगावं आणि नावानिशी तक्रार बंद पाकिटात सुनावणीच्या अध्यक्षांकडे द्यावी. मांडवात कोणीतरी मोबाईल लावून लाईव्ह करत असतोच. सुनावणी सुरू होण्याआधीच ते बंद करायला सांगा.

उद्या त्याच दवाखान्यात जायचं आहे. डूख धरला तर?

ही भीती खरी आहे. ज्या गावाला एकच दवाखाना, त्या गावाला ती असणारच. उपाय एकच: एकटं बोलू नका. एकाच प्रकारच्या चार-पाच घटना चार-पाच गावांतून आल्या की राग धरायला माणूस सापडत नाही. सुनावणी झाल्यावर पहिले पंधरा दिवस बोललेल्या माणसाला दवाखान्यात जायचं झालं तर सोबत कोणीतरी जा. आणि काही वेडंवाकडं झालंच तर त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवा, पोच घ्या.

साहेब म्हणाले 'वर कळवतो'. मग पुढे काय?

खरी सुनावणी इथून सुरू होते. 'वर कळवतो', 'चौकशी लावतो', 'बजेट आलं की करू', ही वाक्यं ऐकून लोक टाळ्या वाजवून घरी जातात आणि पुढच्या वर्षी तेच बोलायला परत येतात. तिथल्या तिथे विचारा: कोण कळवणार, कोणाला, किती दिवसांत? उत्तर आलं की मोठ्याने म्हणा, 'हे इतिवृत्तात घ्या.' मांडव सोडण्याआधी इतिवृत्तावर अध्यक्षांची सही झाली पाहिजे आणि त्याचा फोटो गावाकडच्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असला पाहिजे. नंतर 'टाईप करून पाठवतो' म्हणतात, आणि टाईप होताना 'आठ दिवसांत' चं 'लवकरात लवकर' होतं.

मुदत संपली की लेखी स्मरणपत्र द्या. आवक विभागात शिक्का आणि तारीख मारून पोच घ्या. शिपायाच्या हातात दिलेला कागद दिलेला धरत नाहीत. त्यानंतरही हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात 'जनसुनवाईच्या इतिवृत्तातील मुद्दा क्रमांक अमुक, त्यावर केलेली कार्यवाही' एवढंच मागा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून सगळं रामायण एका अर्जात कोंबू नका.

दुसरी वाट लोकशाही दिनाची, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात. त्यासाठी विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तिथे आरोग्य विभागाचा माणूस जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारी बसलेला असतो, त्यामुळे उत्तरं जरा सरळ येतात.

सुनावणी कधी ठेवावी? आमच्या इकडे माणसंच जमत नाहीत.

कापूस वेचणीत ठेवली तर बाया येणार नाहीत, त्यांची त्या दिवसाची मजुरी जाते. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलपट्टीतलं गाव सकाळी रिकामं असतं. पावसाळ्यात भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच राहत नाही. दिवस गावाच्या सोयीने ठरवा, अधिकाऱ्यांच्या नव्हे. वेळही शेवटच्या एसटीच्या आधी संपेल अशी. आणि हारतुरे, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सगळं मिळून दहा मिनिटं. दीड तास सत्कारात गेला आणि साहेबांना 'दुसरी मीटिंग' लागली, असं होऊ देऊ नका. सत्कार लांबवण्यात नेहमी भोळेपणाच असतो असंही नाही.

पुढारी माईक घेतो आणि सोडत नाही.

बोलणाऱ्यांची यादी आधी करा, ती सुरुवातीला वाचून दाखवा, ज्याच्यावर बेतलं तो आधी, बाकीचे शेवटी. माईकपाशी एक खमकी बाई उभी करा.

आमच्या घरचं माणूस गेलं. जनसुनवाईत न्याय मिळेल का? नुकसानभरपाई?

जनसुनवाई कोर्ट नाही. ती कोणाला दोषी ठरवू शकत नाही, पैसेही देऊ शकत नाही. डॉक्टरच्या निष्काळजीपणाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. ग्राहक आयोगाची (पूर्वीच्या ग्राहक मंचाची) वाट इथे अडते, कारण जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते असा दवाखाना ग्राहक कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. उलट बाजूने, तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने जागा नाही म्हणून परत पाठवणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, हेही त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात म्हटलं आणि सरकारला भरपाई द्यायला लावली. त्या वाटेने जायचं तर वकील लागेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तो फुकट मिळतो.

जनसुनवाईत मात्र एक प्रश्न विचारता येतो, आणि तो फार कमी लोक विचारतात. बाळंतपणात बाई दगावली किंवा लेकरू गेलं की त्या मृत्यूचं अन्वेषण करायचं असतं, म्हणजे कुठे उशीर झाला, काय कमी पडलं याची खात्याने स्वतः केलेली तपासणी. विचारा: या मृत्यूचं अन्वेषण झालं का, घरच्यांचा जबाब घेतला का, कारण काय नोंदवलं? पुष्कळदा घरच्यांना पहिल्यांदा तिथेच कळतं की कागदावर काही वेगळंच लिहिलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आता सांगून उपयोग?

जनसुनवाईला मुदतीचं बंधन नाही, सांगा. फक्त नव्या घटनेला जोडून सांगा: दोन वर्षांपूर्वी असं झालं, यंदा पुन्हा तसंच झालं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, त्यामुळे ताजं प्रकरण असेल तर जनसुनवाईच्या तारखेची वाट बघत बसू नका. अर्ज आधी टाका, बोलायचं नंतरही बोलता येईल.